नाव ठेवते आत्या, पक्कं करतो ओटीपी

पासपोर्ट फोटो एका कागदावर आठ निघतात. फॉर्मला लागतात दोन, फार तर चार. उरलेले लोक काउंटरवरच विसरून जातात. टाकून देववत नाहीत, म्हणून चंदूमामा ते काचेखाली सरकवतो. आता ती काच एका कोपऱ्यात उचलली गेली आहे आणि चहाचा ग्लास ठेवला की घसरतो! नावांचे किस्से आमच्याकडे तसेच साचलेत. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. माणसं मुलाचं नाव नोंदवायला आली, भांडली, दाखला घेऊन गेली. किस्सा इथेच राहिला.

आमच्याकडे म्हणजे चंदूमामाच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये. तंजावूरला, राजवाड्यामागच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी. चंदूमामा आईचा लांबचा भाऊ. मी पाचव्या सेमिस्टरला इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मला सल्ले दिले, यानं एकट्यानं खुर्ची दिली.

गल्लीत मराठी घरं बरीच. शेकडो वर्षांपूर्वी इथे आलेली. मराठी बोलतो सगळे, वाचत जवळजवळ कुणी नाही. मी ही लिपी फोनवर शिकले, महाराष्ट्रातल्या लोकांशी कमेंटमध्ये भांडायला.

तर पद्धत अशी. मूल जन्मतं तेव्हा जन्माची नोंद होते, पण नावाची जागा रिकामी असते. घरात बारसं होतं, आत्या कानात नाव सांगते, बायका पेढे खातात, म्हाताऱ्यांना वाटतं झालं काम. काही झालेलं नसतं! नाव खरं होतं ते आमच्या दुकानात, मी टाईप केल्यावर, फोनवर आलेला ओटीपी घातल्यावर. एकदा सबमिट केलं की बदलता येत नाही, असं लाल अक्षरांत येतं. म्हणून सगळी भांडणं बारशात सुरू होतात आणि माझ्या काउंटरवर संपतात.

आणि हे किस्से घडत होते त्या काळात आमच्याच घरात एक मूल बिननावाचं होतं. माझी भाची. दादा सिंगापूरला, सुकन्या वहिनी इथे आमच्या घरात. दाखल्यावर नाव नाही म्हणून पासपोर्ट नाही, पासपोर्ट नाही म्हणून जाणं नाही. पोरीला दात आले तरी दादानं तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं. फोनच्या काचेवर ती त्याचं नाक चाटायची.

अडलं होतं अप्पांपायी. माझे वडील, रिटायर्ड गणिताचे लेक्चरर. त्यांना नातीला त्यांच्या आईचं नाव हवं होतं, कावेरी. वहिनीला हवं होतं वेल्मोरा.

हो, वेल्मोरा! सांगते.

*

आधी हे समजून घ्या की लोक असली नावं ठेवायला लागले कशामुळे. म्हाताऱ्यांमुळेच. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, हा नियम. नियम पिढ्यानपिढ्या पाळला तर काय होतं? आमच्या एका गल्लीत चार व्यंकटराव होतात. बँक व्यंकटराव, स्कूटर व्यंकटराव, शुगर व्यंकटराव आणि नुसता व्यंकटराव.

शुगर व्यंकटराव वारले तेव्हा कुंभकोणमहून त्यांच्या ऑफिसातली सहा माणसं आली. भला मोठा हार घेऊन. विचारत विचारत पोचली स्कूटर व्यंकटरावांच्या दारात. बेल वाजवली. दार स्वतः स्कूटर व्यंकटरावांनी उघडलं, कमरेला लुंगीसारखी वेष्टी, अंगात बनियन, हातात पेपर.

सहा जण हार धरून उभे. हे त्यांच्याकडे बघतात, ते यांच्याकडे.

व्यंकटराव शांतपणे म्हणाले, "मी अजून आहे. गेला तो शुगर. तिसरं घर. कॉफी घेऊन जा, तिकडे आज काही मिळणार नाही."

त्या सहापैकी दोघं कॉफी प्यायली!

*

मग पुढच्या पिढीनं ठरवलं, असं नाव ठेवू जे कुणाचंच नाही. गोष्टीतलं. कादंबऱ्या, सिरियली, फोनवरच्या कथा. लेखकानं मनानं रचलेलं नाव, ज्याचा कुणी आजोबा असूच शकत नाही.

यावर म्हाताऱ्यांचा एकच प्रश्न. "अर्थ काय?"

व्यंकट म्हणजे काय ते यांच्यातल्या कितींना सांगता येतं? पण "अर्थ काय" विचारताना चेहरा असा की जणू घरातले सगळे अर्थ त्यांनीच कमावून आणलेत.

चंदूमामानं यावर उपाय काढला. नावाचं लॅमिनेट केलेलं कार्ड. निळी किंवा गुलाबी बॉर्डर, मध्ये नाव, खाली नक्षत्र, त्याखाली अर्थ. बारशाला पाळण्याला बांधायचं. अर्थ मी लिहिते, तमिळ अक्षरांत. आईबाप काउंटरवर वाकून हळूच म्हणतात, "काहीतरी चांगलं लिही ना!" मी लिहिते. 'पहाटेचा रक्षक', 'सातव्या समुद्राचा मोती'. कोणता अर्थ कुणाला दिला ते ड्रॉवरमधल्या वहीत टिपून ठेवते, नाहीतर एकाच गल्लीत दोन मोती व्हायचे.

एकदा 'ऑरिव्हॅन' नावाचं कार्ड केलं. कुठल्याशा तलवारबाजीच्या कादंबरीतलं नाव. परदेशातल्या कुणा पोरगेल्या लेखकानं तीन वर्षांपूर्वी रचलेलं. अर्थ लिहिला, 'पहाटेचा रक्षक'.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी गोपाळराव सर कार्ड हातात घेऊन दुकानात. ऐंशीच्या पुढचे, जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेलं. चष्मा कपाळावर. मी मनात म्हटलं, मेले.

"हे 'पहाटेचा रक्षक' तू लिहिलंस?"

"हो सर."

"अर्धवट आहे. तो गौण अर्थ झाला. मुख्य अर्थ, यज्ञाच्या अश्वाचा डावा कान."

मी म्हटलं, "सर, हे कुठे मिळालं?"

"वाचावं लागतं! कॉलेज सोडलं की असं होतं."

मी नवीन कार्ड केलं. तो मुलगा आता दोन वर्षांचा आहे आणि त्याच्या पाळण्यावर अजून लिहिलेलं आहे, 'यज्ञाच्या अश्वाचा डावा कान'. आईबापांनीही काही म्हटलं नाही. सर म्हणतात म्हणजे असेल!

*

तिरुवैयारूचे सीतारामराव यांचा किस्सा वेगळा. व्हायोलिन शिकवतात. कडक माणूस. शिष्याचा एक स्वर ढळला तर त्याला बाहेर नारळाखाली उभं करतात.

त्यांच्या मुलीनं आपल्या मुलाचं नाव ठेवलं रुद्रेयन. संध्याकाळच्या एका तमिळ सिरियलचा हिरो. तेव्हा तो फार सोन्यासारखा माणूस होता. गरिबांना जेवू घालायचा, आईच्या पाया पडून ऑफिसला जायचा. सीतारामरावांनी तरीही महिनाभर मुलीशी अबोला धरला. "टीव्हीच्या डब्यातून नाव काढलं! माझ्या नातवाचं!"

मुलगी बधली नाही. नाव सबमिट झालं. मीच केलं.

दीड वर्षानं सिरियलवाल्यांकडची गोष्ट संपली असावी. त्यांनी रुद्रेयनला दारूला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीतारामराव बस पकडून दुकानात. पांढराशुभ्र शर्ट, हातात पोस्टकार्डांचा गठ्ठा. "त्या चॅनेलचा पत्ता काढून दे."

पत्ता काढला. पत्र आधीच लिहिलेलं होतं, सुंदर तमिळ अक्षरात. मला वाचून दाखवलं, चूक नको म्हणून. "माननीय डायरेक्टर यांस. आमच्या घरी या नावाचा दीड वर्षाचा मुलगा आहे. तो सज्जन आहे. तरी आपल्या रुद्रेयनला दारू पाजू नये. कथेच्या दृष्टीनं अगदीच नाइलाज असेल, तर साडेसातनंतर पाजावी. तेव्हा आमचा झोपतो."

असं दर आठवड्याला एक कार्ड! मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला तर हे नाव नकोच होतं ना?"

म्हणाले, "नाव नको होतं. मुलगा हवा होता की!"

*

आमच्या घरी तेव्हा काय चाललं होतं? अप्पा दर रविवारी दादाला फोनवर समजावत होते. दादा "हो अप्पा, हो अप्पा" म्हणायचा आणि फोन ठेवल्यावर वहिनीला मेसेज करायचा, "तू म्हणशील ते." असला शूर! मी त्याला सांगितलं, "तू दोन्हीकडे हो म्हणतोस, म्हणून पोर मध्ये लटकली आहे." त्यानं मला अंगठा पाठवला.

वेल्मोरा कोण, ते सांगायचं राहिलं. वहिनीची दोन गरोदरपणं आधी अर्ध्यात गेली होती. या वेळी डॉक्टरीणबाईंनी पाच महिने पलंगावर झोपवून ठेवलं. खिडकीतून दिसायची शेजाऱ्यांची पाण्याची काळी टाकी, बस. अप्पा बाहेर बसून पेपर मोठ्यानं वाचायचे, ते ऐकायचं. त्या पाच महिन्यांत तिनं फोनवर सहा जाड कादंबऱ्या वाचल्या. त्यातली वेल्मोरा ही जहाजाची कप्तान. कुठेही एक रात्र थांबली की दुसरी रात्र थांबत नाही. बर्फाचा समुद्र ओलांडते, दोनदा बुडते, परत वर येते.

वहिनी मला म्हणाली होती, "मी हलू शकत नव्हते ना. ती हलत होती."

यावर अप्पांचं म्हणणं, "जहाजाच्या कप्तानाचं नाव आपल्या घरात? वेल्मोराबाई म्हणून कोण हाक मारेल?"

*

जुळ्यांचा किस्सा तर गल्लीत अजून दबक्या आवाजात सांगतात.

चेन्नईला सॉफ्टवेअरमध्ये असलेलं एक जोडपं बारशासाठी घरी आलं. मुलगा आणि मुलगी, एकदम गोड. नावं ठेवली केल्डोर आणि इरासा. एका गाजलेल्या पुस्तकातली जोडी. आजी-आजोबा खूश, जोडीची नावं म्हणून. चंदूमामानं एकाच कार्डावर दोन्ही नावं टाकून मध्ये मोर काढून दिला.

बारशाला माझ्याशेजारी त्या बाईची मावसबहीण बसली होती. कॉलेजातली, पुस्तकातला किडा. नावं ऐकली आणि तिच्या हातातलं हरभऱ्याचं सुंडल सांडलं.

"अगो, तिसऱ्या भागात या दोघांचं लग्न होतं!"

आम्ही दोघी हसू दाबत मागच्या अंगणात. पण तिला राहवेना. तिनं बहिणीला खुणेनं बोलावून सांगितलं. बहिणीचा चेहरा उतरला. तिनं नवऱ्याला बोलावलं. नवरा विहिरीच्या कट्ट्यावर बसला तो उठेचना.

"तुम्ही वाचलं नव्हतं?" मी विचारलं.

"पहिलाच भाग वाचला होता," तो म्हणाला. "त्यात नुसते भांडतात. आम्हाला वाटलं भाऊबहीण!"

चेन्नईला परत जायचं म्हणून दाखला आदल्याच दिवशी झालेला. लाल अक्षरं आठवा! आता त्यांनी घरात तिसऱ्या भागावर बंदी घातली आहे.

*

सगळ्याच म्हाताऱ्या माणसांना शिव्या घालतेय असं वाटायला नको. रखमाआजी मला आवडते. तिची गोष्ट उलटी.

आजीचा नातू आणि नातसून बंगळूरला. दोघांनाही अलीकडे मुळं सापडली आहेत. म्हणजे तो कुर्ता घालतो आणि ती पितळेचे डबे फोटो काढून ठेवते. त्यांनी ठरवलं, मुलाला पणजोबांचंच नाव. व्यंकटराव. सगळं, रावसकट! पाचवा!

फॉर्म भरायला आले तर आजी बरोबर. पंच्याऐंशीच्या घरात, काठी टेकत. काउंटरला धरून मला म्हणाली, "त्यांचं ऐकू नको. दो-जिन लिही."

नातू चाट. "दो-जिन कोण?"

मला ठाऊक होतं. आजी दुपारभर कोरियन मालिका बघते, तमिळमध्ये बोलणाऱ्या. दो-जिन हा त्यातला डॉक्टर. बायको कामावरून दमून आली की तो एप्रन बांधून तिच्यासाठी सूप करतो.

"आजी, पण आजोबांचं नाव! हेरिटेज आहे ते आपलं!"

आजी म्हणाली, "तुझ्या हेरिटेजबरोबर मी एकेचाळीस वर्षं काढली आहेत रे. त्यानं कधी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलला नाही."

नातसुनेला आधी खोकला आला, मग ती सरळ हसलीच.

तरीही फॉर्मवर व्यंकटरावच गेला, कारण ओटीपी नातवाच्या फोनवर. पण परवा ते आले होते. पोरगं दुकानभर रांगत होतं. आई बोलावते, बाप बोलावतो, बघायला तयार नाही. आजीनं दारातून "दो-जिन" म्हटलं आणि ते वळून सरळ तिच्या काठीला येऊन धडकलं!

*

आता आमच्या घरचं बारसं. तेही सांगायला हवं, कारण आत्या मी.

आत्यानं कानात नाव सांगायचं, हा माझा मान. आदल्या दिवशी अप्पांनी मला बोलावून घेतलं. "डिग्री नाही घेतलीस, निदान एवढं तरी नीट कर. कावेरी म्हण." नंतर वहिनीनं स्वयंपाकघरात हात धरला. काही बोलली नाही, नुसता धरला. ते जास्त वाईट.

बारशाला तबकात तांदूळ पसरले, सोन्याच्या अंगठीनं नाव लिहायची वेळ आली. मी म्हटलं, "लिपी कोणती? इथे बसलेल्यांपैकी कितींना देवनागरी वाचता येते?" कुणालाच येत नव्हती. मी तांदळात एक छानशी वेलबुट्टी काढली. सगळ्यांनी हात जोडले. अप्पा म्हणाले, "अक्षर सुधारलं आहे."

मग कानात सांगायचं. पोरीच्या कानाला तोंड लावलं. बायका गाणं थांबवून बघताहेत. अप्पा एका बाजूला, वहिनी एका बाजूला.

मी म्हटलं, "तुझं तू बघ."

आणि ताठ उभी राहिले. अप्पा समाधानानं मान डोलवताहेत, वहिनी डोळे पुसते आहे. दोघांनाही वाटलं, आपलं झालं!

*

पण दाखला तर माझ्या कानगोष्टीवर मिळत नाही. महिने गेले. शेवटी दादानं एकदाच काय ते काम केलं आणि पासपोर्टची अपॉइंटमेंट घेतली. सोमवारची. म्हणजे शनिवारी नाव पडायलाच हवं. नाहीतर पुढची तारीख कधी, ते पासपोर्टवाल्यांनाच ठाऊक.

शनिवारी दुपारी सगळं घर दुकानात. अप्पा इस्त्रीच्या शर्टात. वहिनी, कडेवर पोरगी. आणि मागून आई. आई दुकानात कधी येत नाही. स्टुलावर बसली, पदर सारखा केला, गप्प. आई तशी गप्पच असते. या नावाच्या भांडणात ती एका शब्दानं बोलली नव्हती, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. मीही नाही. हे मी माझ्याही नावावर लिहून ठेवते.

मी फॉर्म उघडला. ओटीपी पाठवला. टिंग! अप्पांच्या खिशात. कारण हॉस्पिटलमध्ये नंबर अप्पांनी दिला होता. घरातला गॅस, लाईट, माझं कॉलेज, सगळ्याला त्यांचाच नंबर. या पिढीची सत्ता दुसरीकडे कुठे नाही, त्या एका सिमकार्डात आहे.

अप्पांनी फोन काढला, नंबर वाचला आणि परत खिशात ठेवला.

"कावेरी लिही. मग सांगतो."

"अप्पा, हा ओटीपी दहा मिनिटांत मरतो."

"मग दहा मिनिटांत लिही."

मी वहिनीकडे पाहिलं. तिनं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "लिही गं," ती म्हणाली. "कावेरी लिही. मला जायचं आहे." आवाज अगदी सपाट. पाच महिने पलंगावर असताना "जेवतेस का?" विचारलं की "जेवते" म्हणायची, तसला.

मी पहिली दोन अक्षरं टाईप केलीसुद्धा.

"थांब," आई म्हणाली.

आम्ही सगळे वळलो. चंदूमामानं लॅमिनेशनचं मशीन बंद केलं.

"मी हिला काय म्हणून हाक मारू?" आईनं अप्पांना विचारलं.

"म्हणजे? कावेरी म्हण की."

"कशी म्हणू?"

अप्पांना कळेना. मला कळलं. आमच्या घरांत सून सासू-सासऱ्यांचं नाव तोंडानं घेत नाही. जुनी रीत आहे, आता फारसं कुणी बघत नाही. पण आई नदीला 'नदी' म्हणते. तंजावूरला राहून! बसवाल्याला विचारायचं तर "नदीवरून जाते का?" माझ्या वर्गात कावेरी नावाची मुलगी होती, तिला आई 'ती दोन वेण्यांची' म्हणायची. तिनं केस कापले तरी दोन वेण्यांचीच. मला वाटायचं आईला नावं लक्षात राहत नाहीत.

अप्पा म्हणाले, "अगो, आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली."

"त्या गेल्या. माझ्या जिभेला कुणी कळवलं नाही."

"मग घरात चिन्नी म्हण, बाळी म्हण. सगळ्यांकडे तेच करतात."

"ती घरात असणार आहे का? ती तिकडे असणार. मी फोन लावीन. दुसरंच कुणी उचलेल. काय सांगू? नदीला द्या?"

चंदूमामा हसला आणि लगेच मशीन पुसायला लागला. बत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस मनातल्या मनात मागे मागे मोजत होता, ते दिसत होतं. हिनं ते नाव कधी घेतलं? एकदा तरी? वारलेल्या आईबद्दल बोलताना? नदीला पूर आला तेव्हा?

"तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"चौतीस वर्षं तुमच्यासमोरच बोलते आहे की."

स्क्रीनवरचा आकडा शून्यावर आला. ओटीपी मेला. मी कुणाला न विचारता दुसरा पाठवला. टिंग.

अप्पांनी खिशातून फोन काढला, चष्मा डोळ्यांवर सारला. मग पोरांना वर्गात उत्तर सांगावं तसे एकेक आकडा तोडून वाचायला लागले. "आठ. शून्य. तीन." मी भरत गेले. ती दोन अक्षरं पुसली. नवीन नाव लिहिलं. लाल अक्षरं आली, एकदा दिलेलं नाव बदलता येणार नाही. खाली सबमिट.

"पक्कं ना?" मी वहिनीला विचारलं. ती आईकडे बघत होती.

"थांब जरा," आई म्हणाली. "आधी हाक मारून बघू दे."

ती उठली. दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. पदर खांद्यावर घेतला, तोंडाशी हात धरला आणि आम्ही लहानपणी खेळायला गेलो की मारायची तशी, पार गल्लीच्या त्या टोकापर्यंत पोचेल अशी हाक मारली.

"वेल्मोराऽऽ! ए वेल्मोराऽऽऽ! भात निवतोय गं!"

एक ऑटोवाला गचकन थांबला आणि मागे वळून बघायला लागला. वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या.

आई आत आली, स्टुलावर बसली.

"जमतंय," म्हणाली. "दाब."